ससा ‘एका रात्रीत’ जात नाही

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या हट्टापायी त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर दोन ससे आणले. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पिंजरा बाल्कनीत. खायला गाजर, कोबी, चपातीचा तुकडा, संध्याकाळी चिरमुरे. मे महिन्यात एक ससा ‘रात्री चांगला होता, सकाळी बघतो तर गेलेला’. उरलेली मादी आता पाच-सहा महिन्यांची आहे, तिला घरात घेतलंय. तिला नीट कसं सांभाळायचं, आणि जोडीला दुसरा आणावा का?

ताई, गेलेल्या सशाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा नेमकं कारण छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘रात्री चांगला होता’ हे वाक्य दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय की आता माझा त्यावर विश्वास बसत नाही. ससा दुखणं लपवतो. रानात जो लंगडतो, कण्हतो, तोच आधी घारीच्या नाहीतर कोल्ह्याच्या तोंडी जातो, म्हणून ही जात गप्प राहायला शिकलेली. कुत्रं केकाटेल, म्हैस हंबरेल. ससा फक्त खाणं कमी करतो आणि लेंड्या कमी टाकतो. आदल्या दिवशी दुपारी ट्रे कुणी नीट बघितला असता तर बहुतेक वेळा तिथेच कळलं असतं.

म्हणून पहिली सवय ट्रे बघायची. सकाळी झाडताना केर म्हणून सरळ टाकू नका, जरा थांबून बघा. चांगल्या लेंड्या गोल, हरभऱ्याएवढ्या, सगळ्या साधारण एका मापाच्या, कोरड्या. बोटात दाबली तर भुगा होतो आणि आत गवताचे तुसे दिसतात. त्या बारीक, काळ्या, टणक व्हायला लागल्या, एकात एक केस अडकून माळ दिसायला लागली, किंवा ट्रे निम्माच भरला, तर पोट मंदावतंय. याशिवाय एक वेगळा प्रकार असतो, काळ्या द्राक्षांच्या बारीक घोसासारखा मऊ, चकचकीत आणि वासाचा. तो ससा थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. बघून घरातली माणसं ओरडतात, मुलं ‘शी’ करतात, पण त्याला अडवायचं नाही. पहिल्या फेरीत न पचलेलं आणि मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेलं ब जीवनसत्त्व, प्रथिनं तो त्यातून परत घेतो. हा मऊ घोस न खाता रोज पडून राहत असेल, तर मात्र बहुधा खाणं जास्त पौष्टिक झालंय, नाहीतर ससा इतका जाड झालाय की तोंड तिथवर पोचत नाही.

आपल्याकडची माणसं सशाला शेळीचं धाकटं भावंड समजतात. पाला खातो ना, मग टाका पाला. पण शेळी आधी पोटात आंबवते आणि मग रवंथ करते. सशाचं आंबवण्याचं काम शेवटी, अंधनाळात (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत) चालतं, आणि ते जाड तंतूंच्या जोरावर पुढे सरकतं. तंतू कमी आणि पीठ-साखर जास्त झाली की नको ते जंतू माजतात, वायू धरतो, पोट दुखतं. दुखलं की ससा खात नाही आणि न खाल्ल्यामुळे आतडं आणखी थांबतं. त्याला उलटीही होत नाही, म्हणजे चुकून गेलेलं बाहेर टाकायची सोयच नाही. चिरमुरे, चपाती, बिस्कीट, ब्रेड, भडंग हे सगळं याच वाटेनं जातं. एका घरात पोरांनी कुंदा चाटवला होता, प्रेमानंच. प्रेम कळतं, पण कुंदा तुम्ही खा.

ताटाचा मोठा वाटा सुकं गवत, शंभरातला ऐंशीच्या पुढे. ते चोवीस तास समोर हवं, मोजून नाही. हे पोटाइतकंच दातांसाठीही. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात, मागच्या दाढाही वाढत असतात. त्या झिजतात गवत आडवं-आडवं रगडून, गाजर चावून नाही. दाढा वेड्यावाकड्या वाढल्या की त्यांचे काटे जिभेला, गालाला टोचतात. ससा ताटाशी येतो, हुंगतो, एखादी काडी उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. लोक म्हणतात, नखरे करतोय.

आता गवत कुठलं? पाकिटातलं परदेशी टिमोथी मिळतं आणि उत्तमही असतं, पण महाग पडतं. आपल्या भागात त्याच्यावाचून अडत नाही. हरळी हे सशाचं पहिल्या प्रतीचं खाणं. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव भागातल्या बांधांवर ती मुबलक आहे. फक्त शेतकऱ्याला विचारून घ्या की बांधावर तणनाशक मारलंय का, कारण आता बांधही फवारतात. रस्त्याकडेची धूर खाल्लेली नको, कुत्री मुततात तिथली तर मुळीच नको. दूधवाल्यांच्या रानात ओटचा चारा असतो. तो फुलोऱ्याआधी कापलेला मिळाला तर घ्या, गच्चीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस उलटापालटा करून वाळवा आणि गोणपाटाच्या पोत्यात टांगून ठेवा. वाळल्यावरही रंग थोडा हिरवा राहिला पाहिजे आणि वास गोडसर यायला पाहिजे. कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर गोठ्यालाही देऊ नका, खड्ड्यात टाका.

खानापूरकडची भाताची पिंजर अंथरायला छान, पण खाण्यात तिच्यावर भिस्त ठेवू नका, तिच्यात फारसं काही नसतं. उसाचं वाडं लोक हौसेनं टाकतात. कडा धारदार असतात आणि मोठ्या पानात सशाच्या कामाचं फार थोडं. कोवळी ज्वारी तर कधीच नाही. तिच्यात सायनाइड तयार होतं, आणि कोवळ्या फुटव्यांवर तोंड टाकून दगावलेलं जनावर ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लसूणघास पिल्लांना आणि व्यालेल्या मादीला चालतो. मोठ्या सशाला रोज घातला तर कॅल्शियम वाढून लघवी चुन्यासारखी दाट होते आणि मूत्राशयात गाळ बसतो. तुमची मादी आता तो हळूहळू बंद करायच्या वयाला आलीच.

हिरवी भाजी रोज, पण गवतानंतर. दीड-दोन किलोच्या सशाला सैलसर भरलेले दोन पेले पुरे: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, तुळस, जास्वंदीची पानं-फुलं. पालक, माठ, पोकळा अधूनमधून, रोज नको. कुणाकडे रेशमासाठी तुती लावलेली असेल आणि पाला बिनफवारणीचा असेल तर सोन्याहून पिवळं. गणपत गल्लीतून आणलेली भाजी सशासाठी जरा जास्तच धुवा, फ्लॉवर-कोबीवर फवारण्या फार होतात. तसाही कोबी आणि फ्लॉवर वायू धरतात, ते सोडून दिलेले बरे. गाजर म्हणजे मिठाई, आठवड्यातून दोनदा पेराएवढा तुकडा. कांदा, लसूण, कांद्याची पात, बटाटा, कच्च्या डाळी, ॲव्होकॅडो, चॉकलेट वर्ज्य.

तयार गोळीखाद्य द्यायचं तर दिवसाला दोन-तीन चमचे, तंतू १८ टक्के किंवा जास्त असलेलं, साध्या एकरंगी गोळ्यांचं. रंगीत दाणे, मका, सूर्यफुलाच्या बिया मिसळलेलं पाकीट दुकानातच राहू द्या. कोंबडीखाद्य स्वस्त म्हणून कुणी सुचवेल, त्याचं ऐकू नका. त्यात मिसळलेली कॉक्सिडियाविरोधी (आतड्यातल्या परजीवींवरची) काही औषधं सशाला विषारी पडतात.

यातला कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा करा. विशेषतः पहिल्या पावसानंतर कोवळी हरळी फुटते तेव्हा एकदम भारा टाकायचा मोह होतो.

आता बाल्कनी. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथली हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत पारा पस्तिशीच्या पुढे जातो. अथणी, रायबाग, चिकोडीकडे तर विचारूच नका. सशाला १५ ते २२ अंश मानवतं. तिशीच्या आसपास तो त्रासात असतो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते, म्हणून नुसता पंखा लावून भागत नाही. फॅनखाली गरम हवाच फिरते. उन्हाळ्यात त्याला घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर ठेवा. शहाबादी फरशी असेल तर उत्तम. जुन्या घराचं एखादं मंगळुरी कौल माळ्यावर पडलेलं असेल तर ते भिजवून ठेवा, ससा आपणहून त्यावर पोट टेकून बसतो. बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवा. प्यायचं पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या वाडग्यात द्या, तो जास्त पितो. किलोमागे ५० ते १५० मिली हा दिवसाचा अंदाज, उन्हाळ्यात वरच्या अंगाला.

ससा नाकानं श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकताना दिसला, कान तापून लाल झाले, लाळ गळायला लागली, तर उष्माघात समजा. कान साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसत राहा, गार खोलीत न्या आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आंघोळीचंही तेच. ससा स्वतःला स्वच्छ ठेवतो. शाम्पू लावून बादलीत घातलेला ससा घाबरून आणि गारठून खरोखर जातो, आणि मग लोक म्हणतात, एकाएकी काय झालं कुणास ठाऊक.

पावसाळ्यात धोका उलटा. जांबोटी-कणकुंबीकडे तर महिनोन्‌महिने भिंतींना ओल. ओलं बूड, मागच्या केसांना चिकटलेली विष्ठा आणि माश्या हे तिन्ही एकत्र आले की अंडी घातली जातात आणि दिवसभरात अळ्या पडतात. वरून दाट केसांमुळे काही दिसत नाही. जूनपासून पाऊस हटेपर्यंत रोज एकदा शेपटीखालचे केस बोटांनी फाकवून बघा. अळी दिसली तर त्याच तासाला डॉक्टर. घरी फिनेल ओतायचं नाही.

पिंजरा जाळीच्या तळाचा असेल तर आजच त्यात फळी किंवा गोणपाट टाका. सशाच्या पंजाला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस असतात. मादीला मांडीवर घेऊन मागच्या पायाच्या टाचेकडचे केस बाजूला करा. गुलाबी, केस गेलेली, चकचकीत चामडी दिसली तर फोड व्हायला लागलेत. गुळगुळीत फरशीवर ससा घसरतो, म्हणून फिरायच्या जागेत चटई किंवा जुनं घोंगडं अंथरा. पिंजरा ही झोपायची खोली, दार दिवसातून निदान तीन-चार तास उघडं पाहिजे. लघवीची सवय लावणं अवघड नाही: तो ज्या कोपऱ्यात आपणहून करतो तिथेच पसरट घमेलं ठेवा, तळाला वर्तमानपत्र, वर गवत. गवत खाताखाता तो तिथेच बसतो. मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की घट्ट होणारी वाळू नको, ती पोटात गेली तर गोळा होतो. लघवी कधी तांबूस-केशरी दिसते, तेव्हा घाबरू नका, खाण्यातल्या रंगानं तसं होतं. रंग दोन दिवसांत गेला नाही, थेंबथेंब होत असेल किंवा कुंथत असेल तर तपासायचं.

वायर ससा कुरतडणारच. ओरडून उपयोग नाही. चार्जर वर टांगा, टीव्हीमागच्या वायरी जाड पाइपात घाला. मनी प्लांट, डिफेनबाखिया, कण्हेर, सदाफुली त्याच्या तोंडाबाहेर. उंदराचं औषध, झुरळांचा खडू, डांबर गोळ्या जमिनीवरून हद्दपार. जुन्या कौलारू घरात तळमजल्यावर ठेवणाऱ्यांना घूस, मांजर आणि साप यांची काळजी वेगळी: रात्री पक्की जाळी, आणि मोरीचं भोक बंद.

उचलण्याबद्दल मुलीला तुम्हीच शिकवा. कान धरून कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि अंग आपल्या पोटाशी टेकवून. मागचे पाय लोंबकळले की तो जोरात लाथ झाडतो, आणि स्वतःच्या लाथेच्या जोरानं त्याचा मणका मोडू शकतो. उताणा केला की ‘शांत पडतो’ तो खेळ व्हिडिओत बघितला असेल. ती भीतीनं आलेली ताठरता असते. मुलीनं खाली बसावं, ससा मांडीवर येऊ द्यावा.

आवाजाचं सांगायला हवं, कारण आपल्या गावात तो टळत नाही. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, दिवाळी. घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर त्या रात्री ससा मधल्या खोलीत, पिंजऱ्यावर जाड चादर, आत लपायला खोकं, समोर भरपूर गवत. घाबरलेला ससा खाणं सोडतो. फटाके रात्री वाजले आणि पोट दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं, असं होतं. बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक तर ऐन उन्हाळ्यात. तुमचा ससा मे महिन्यातच गेला, म्हणून विचारतो: बाल्कनी रस्त्याच्या बाजूला आहे का?

खाणं थांबलं तर काय करायचं? आठ-दहा तास काही खाल्लं नाही आणि लेंडी नाही, तर सकाळची वाट बघू नका. बारा तास ही माझ्या लेखी शेवटची हद्द. पोटाला अलगद हात लावा: नेहमी मऊ असतं, फुगून ताठ लागत असेल तर तोंडातून काहीही न घालता थेट दवाखाना. कान गार पडले असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पोट मऊ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ करायचं आणि सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं द्यायचं, समोरून घशात नाही. वेदनाशामक आणि सलाईन हे निम्मं काम असतं, नुसतं ‘गॅसचं औषध’ देऊन भागत नाही.

औषधांवर मी जरा कडक बोलणार आहे. ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटाची औषधं सशाला तोंडावाटे दिली की आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जुलाब लागून ससा दगावतो. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिनही तशीच. घरात उरलेलं पोरांचं सिरप म्हणून बाटलीला हात लावू नका. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं फिप्रोनिल सशाला विषारी. खरूज झाली, कानात खपली धरली, तर वजन करून आयव्हरमेक्टिन देता येतं, पण ते डॉक्टरांनी. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात गुरांचं काम जास्त, खासगीत कुत्र्यांचं. म्हणून डॉक्टर आधीच शोधून ठेवा, गरज पडल्यावर नाही. एक प्रश्न विचारा: ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं का? ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून दुसरीकडे जा, मग कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्यापर्यंत जावं लागलं तरी चालेल. ज्याला उलटी होत नाही आणि ज्याचं पोट थांबणं हाच मोठा धोका, त्याला उपाशी ठेवण्यात अर्थ नाही.

नसबंदीचं ऑपरेशन तुमच्या मादीचं करून घ्याच. नसबंदी न केलेल्या माद्यांना तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण फार मोठं आहे, आणि ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. आताचं वय योग्य आहे.

मग दुसरा. आणा, ससा एकटा कुढतो. पण बाजारात जे मुठीएवढं पिल्लू ‘दोन्ही नर आहेत’ म्हणून हातात देतात, त्यावर भरवसा नको. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नका, ते आईच्या दुधावरून नीट उतरलेलं नसतं. गर्भ एकतीस दिवसांचा, आणि व्याल्याबरोबर मादी परत गाभण राहू शकते. एका हौसेचे वर्षात तीस ससे झालेली घरं बेळगावात आहेत. ऊसतोडीत सापडलेलं रानसशाचं पिल्लू कुणी आणून दिलं तर तेही जोडीला नको. तो प्राणी वेगळा, वन्यजीव कायदा १९७२ नुसार संरक्षित, आणि पिंजऱ्यात धडपडून मरतो. डोळे उघडे, अंगावर केस असलेलं ते पिल्लू पोरकं नसतं. आई त्याला सरीत एकटं ठेवून थोडाच वेळ पाजायला येते. ज्या फडातून आणलं त्याच्या कडेला परत ठेवायला सांगा.

नसबंदी केलेला नर सगळ्यात जमतो. मात्र ऑपरेशननंतरही चार-सहा आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, तेवढे दिवस वेगळा ठेवा. दोघांचे पिंजरे आधी शेजारी, जाळीतून वास कळेल असे. मग जी खोली दोघांचीही नाही, तिथे रोज थोडा वेळ समोरासमोर. पाठलाग आणि थोडे केस उपटणं चालतं. गोल फिरत एकमेकांना घट्ट धरून चावायला लागले तर मध्ये झाडू घाला, हात नको. काही जोड्या आठवड्यात जमतात, काहींना दोन महिने लागतात.